बुलेटचा टॅपेट सेट केला तरी पुन्हा पुन्हा बिघडतो, तेव्हा काय बघायचं

फिरत्या कॅमचा धक्का टॅपेट, पुशरॉड आणि वरचा रॉकर यांच्यातून व्हॉल्व्हपर्यंत जातो; टॅपेट सेट करणं म्हणजे या साखळीतली ढिलाई, म्हणजे गॅप, जुळवणं. तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "टॅपेट सेट करून घेतला, चार दिवस गाडी गप्प होती, परत कटकट सुरू." दुसरी एक तक्रार याच्या अगदी उलटी, आणि जास्त वाईट: "आवाज काहीच नाही, पण गाडी तापली की किकला दाद देत नाही." पहिला गडी गॅरेजच्या चकरा मारतो. दुसऱ्याच्या डोक्यात टॅपेट येतच नाही, कारण वाजत तर काही नसतं. तो प्लग बदलतो, कंडेन्सर बदलतो, कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतो, आणि तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळत आलेला असतो.

हे सगळं लिहितोय ते जुन्या, बिडाच्या बॅरलच्या ३५० बुलेटबद्दल. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टवर) चालणारं इंजिन, हेडला डीकॉम्प्रेसर (आतला दाब सोडणारी छोटी झडप). १९५५ पासून मद्रासला बनत आलेल्या या इंजिनाची मूळ मांडणी पुढे पन्नास वर्षं फारशी बदलली नाही. त्यामुळे मिलिटरीच्या लिलावातली म्हातारी असो की दोन हजार सालानंतरची स्टँडर्ड, टॅपेटचं काम तेच. २००८ नंतर आलेल्या पुशरॉडवाल्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गियरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे हाताने जुळवायचं काही नसतं. पल्सर, हिरो होंडा वगैरे गाड्यांना वर हेडमध्येच स्क्रू आणि नट असतो, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो आणि माप त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावं लागतं. आरएक्स १००, राजदूत आणि जुन्या येझदीवाल्यांनी इथेच थांबलं तरी हरकत नाही, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनाला टॅपेट नसतोच.

टॅपेट एकदा जुळवणं हे काम कुणालाही जमेल. अडतं ते पुढे. गॅप परत परत बदलत असेल, तर तो कुठल्या बाजूने बदलतोय, वाढतोय की कमी होतोय, हे लिहून ठेवायला हवं. बहुतेक लोक आवाज आला की जुळवतात आणि विसरतात. पण वाढणाऱ्या गॅपचा रोग वेगळा आणि आटणाऱ्या गॅपचा वेगळा. हे माहीत नसेल तर मेकॅनिक नुसता पाना फिरवत राहतो आणि आपण नुसते पैसे देत राहतो.

आधी, वाजतंय ते टॅपेटच का?

बिडाची बुलेट पूर्ण गप्प कधीच नसते. थोडी टिकटिक ही तिची तब्येत बरी असल्याची खूण आहे, आणि ज्यांना ती अजिबात नको असते त्यांच्याच गाड्यांचे व्हॉल्व्ह जळलेले मी जास्त पाहिलेत.

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. गाडी स्लोवर ठेवा आणि कान द्या: बारीक, कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा, फायरिंगच्या तालात येणारा आवाज तो टॅपेटचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक उजव्या बाजूला टॅपेटच्या कव्हरवर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा, मग तेच टोक रॉकरच्या दोन्ही कव्हरांवर आणि शेवटी टायमिंग कव्हरवर न्या. आवाज कुठे मोठा होतो ते लगेच कळतं. टायमिंग कव्हरपाशी खरखर किंवा घरघर असेल तर ते कॅमचे गियर. त्यांच्या मधली ढिलाई कमी-जास्त करायची सोय या इंजिनात कॅमच्या स्पिंडलवरच दिलेली आहे, पण ते टायमिंग साइड उघडून करायचं काम आहे, टॅपेटशी त्याचा संबंध नाही.

थंड गाडीत खालून येणारी बद्द ठकठक, जी दोन-तीन किलोमीटर चालल्यावर विरते, ती पिस्टनची. ती टॅपेट आवळून जाणार नाही. आणि एक फसवा आवाज आवर्जून तपासा: सायलेन्सरचा पाइप हेडमध्ये नीट बसला नसेल तर तिथून गॅस सुटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. पाइपाच्या तोंडाशी काजळी धरली आहे का पाहा. थंड गाडी चालू करून तिथे चिंधी धरली आणि आवाज बदलला, तर टॅपेटला हात लावायची गरज नाही.

आवाज नाही पण गाडी तापल्यावर चालू होत नाही, हा दुसरा प्रकार. इथे कॉम्प्रेशन बघायचं. किक हळूहळू दाबत कॉम्प्रेशनवर आणा आणि तिच्यावर अंगाचा भार टाकून उभे राहा. चांगल्या इंजिनावर किक तुम्हाला काही क्षण तोलून धरते आणि मग सावकाश खाली जाते. लगेच बसली तर कुठून तरी हवा सुटतेय. आता कुणाला तरी किक दाबायला सांगा आणि तुम्ही कान लावा. कार्ब्युरेटरकडून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा डीकॉम्प्रेसर. म्हणून टॅपेटकडे वळण्याआधी डीकॉम्प्रेसरची केबल बघा: लिव्हरला थोडी तरी ढिलाई हवी. हँडल वळवल्यावर केबल ताणली जात असेल तर ती छोटी झडप उघडीच राहते, आणि लोक हेड खोलून बसतात. हवा ऑइलच्या तोंडातून येत असेल तर ते पिस्टनच्या रिंगांचं प्रकरण. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत किक दाबा, कॉम्प्रेशन एकदम सुधारलं तर रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह बरे आहेत.

इनलेट टाइट झाला की कार्ब्युरेटरमधून फटकारा येतो. एक्झॉस्ट टाइट झाला की गाडी थंड असताना बरी चालते, घाटात पिकअप सोडते आणि वर जाऊन बंद केली की अर्धा तास चालू होत नाही.

जुळवणी

या इंजिनाचा टॅपेट थंड असतानाच जुळवायचा, हे इतक्या वेळा सांगितलं जातं की लोक ऐकून सोडून देतात. कारण समजलं की सोडणार नाही. बॅरल बिडाचं, हेड अॅल्युमिनियमचं, पुशरॉडही अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियम तेवढ्याच तापमानाला बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पण रॉड आपल्या बोगद्यात तेलाच्या फवाऱ्यात असतो, त्यामुळे आगीशेजारच्या बॅरल आणि हेडपेक्षा बराच थंड राहतो. एकूण हिशेब असा की गाडी तापली की गॅप थोडा वाढतो. म्हणूनच कंपनीने ३५० ला दोन्ही व्हॉल्व्हना थंड इंजिनावर गॅप शून्य ठेवलाय: रॉड बोटाने फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. याच घराण्यातल्या ५०० ला एक्झॉस्टला ०.०५ मिमी ठेवतात, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या साधारण निम्मी जाडी. आता गरम गाडीवर, वाढलेला गॅप "ढिला झालाय" म्हणून आवळला तर काय होणार? रात्री गाडी थंड झाली की रॉड व्हॉल्व्हला सीटवरून, म्हणजे बंद होताना तो ज्या कडेवर टेकतो तिथून, उचलून धरणार. सकाळी किकला कॉम्प्रेशन नाही, आणि चालू झालीच तर पहिले काही किलोमीटर व्हॉल्व्हच्या कडेवरून आग जाणार.

गॅरेजमध्ये नेलेली गाडी चालवतच नेलेली असते, म्हणजे गरम. सकाळी नेऊन ठेवा आणि दुपारी काम करा असं सांगितलं तर किती गॅरेजवाले ऐकतील? घरी करायचं पहिलं कारण हेच. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी, चहाच्या आधी.

गाडी मेन स्टँडवर घ्या. पेट्रोलचा कॉक बंद, चावी बंद. पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. प्लग काढा. उजव्या बाजूला बॅरलच्या खालच्या भागात एका नटावर बसलेलं टॅपेटचं कव्हर आहे, ते काढा. थोडं ऑइल गळेल, खाली कापड ठेवा. आत दोन पुशरॉडांची खालची टोकं दिसतील. प्रत्येकाला षटकोनी भाग आहेत, मधला लॉकनट. टॅपेटचे पातळ पाने वेगळे मिळतात, तेच वापरा. जाड पाना तिथे शिरत नाही, आणि ग्राइंडरवर घासून पातळ केलेला लोकल पाना कडा गोल करून ठेवतो. एकदा कडा गोल झाल्या की पुढच्या माणसाला व्हाइस ग्रिप लावावी लागते आणि मग त्या रॉडचं वाटोळंच.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर आणायचा. टॉप गियर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा, किकपेक्षा हे जास्त ताब्यात राहतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठ्याला रेटू लागली की हा कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग भोकातून शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी आत सोडा आणि चाक हळूहळू फिरवा, नळी वर येत येत थांबेल. सायकलची तार वापरणारे आहेत, पण या हेडला प्लग तिरका बसतो; तार अडकून वाकली तर पिस्टनवर ओरखडा नाहीतर प्लगचे आटे खराब. नळी वाकली तर वाकली. वरच्या टोकापाशी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही टॅपेट कॅमच्या गोल भागावर असतात, त्यामुळे एक-दोन अंश इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. अंगठ्याने कॉम्प्रेशन नीट ओळखलं पाहिजे एवढंच. क्रँकच्या दर दुसऱ्या फेरीला पिस्टन वर असतो पण एक्झॉस्ट संपून इनलेट उघडत असतो, तिथे जुळवलं तर सगळंच चुकलं.

इनलेटचा रॉड कुठला आणि एक्झॉस्टचा कुठला, याबद्दल शंका असेल तर इथून चाक पुढे फिरवत राहा. कॉम्प्रेशननंतर जो रॉड आधी वर उचलला जातो तो एक्झॉस्टचा. खडूने खूण करा आणि परत जागेवर या.

आता रॉड दोन बोटांत धरा. आधी कापडाने पुसून घ्या, कारण तेलाचा थर असेल तर रॉड जड वाटतो आणि माणूस उगाच ढिला करतो. फिरवून बघा. मग वर-खाली हलवून बघा. हाताला कळणारी हालचाल असेल तर गॅप जास्त. फिरतच नसेल तर टाइट. एक पाना वर, एक लॉकनटला, एक खाली. लॉकनट सोडवा आणि रॉडची लांबी बदला: लांब केला की गॅप कमी, आखूड केला की जास्त. आटा कुठल्या बाजूचा, हे पाठ करत बसू नका. थोडं फिरवा, बोटाने बघा, समजतं.

खरी मेख लॉकनट आवळताना आहे. बोटाला बरोबर वाटलं म्हणून लॉकनट आवळला की आट्यांमधली ढिलाई ओढली जाते आणि माप सरकतं. बहुतेक वेळा ते टाइटकडेच जातं. म्हणून आवळल्यावर परत बघा, हवं असेल तर पुन्हा सोडवा. दोन-तीन वेळा करावंच लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेटीच्या पेटीभर हत्यारं असलेले मेस्त्रीही तेच करतात, फक्त भरभर.

मग रॉड पूर्ण एक फेरा फिरवा. एका जागी मोकळा आणि दुसऱ्या जागी अडतोय असं असेल तर रॉड वाकलेला आहे. त्याला जुळवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. काढा, आरशावर किंवा काचेवर लोळवा, वाक उघड दिसेल. नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात नवीन घ्यायला गेलात तर जुना रॉड सोबत न्या आणि दोन्ही शेजारी उभे करून लांबी बघा. नकली मालात लांबी आणि टोकाचा खळगा, दोन्हींत फरक असतो.

शेवटी क्रँकचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे पुढचं कॉम्प्रेशन येईपर्यंत, चाक फिरवा आणि परत तपासा. इथे माप बदललेलं दिसलं तर टॅपेट किंवा कॅम कुठेतरी झिजलाय, त्याबद्दल खाली लिहिलंय.

काय केलं ते लिहून ठेवा. षटकोनाच्या सहा बाजू आहेत, एक बाजू म्हणजे साठ अंश. "एक्झॉस्ट, एक बाजू लांब केला, ऑइल बदलताना" एवढं पुरतं. पेट्रोलच्या हिशेबाची वही असते, तिच्यातच.

गॅप वाढत जातो, टिकटिक परत येते

वहीत दर वेळी "लांब केला" लिहावं लागत असेल तर काहीतरी झिजतंय किंवा सुटतंय.

सगळ्यात आधी लॉकनट. आटे थकले असतील तर कितीही आवळला तरी तो धक्क्याने सुटतो. कव्हर काढलं आणि लॉकनट हाताने फिरला, तर पुढचं काही शोधायची गरज नाही, नट आणि त्याचा जोडीदार दोन्ही बदला. थ्रेड लॉक लावून काम भागवणारे आहेत, पण गरम तेलात ते किती दिवस टिकेल याची खात्री देता येत नाही.

मग रॉडची टोकं. अॅल्युमिनियमच्या नळीत पोलादी टोकं दाबून बसवलेली असतात आणि ती ढिली होतात. वरचं टोक हेडमध्ये लपलेलं असतं, म्हणून नुसतं खालून बघून समजत नाही. रॉड काढून टोक चिमटीत धरून पिळा, जरा जरी हललं तरी तो रॉड बाद. अशा रॉडचा आवाज फार फसवा असतो: गाडी थंड असताना गप्प, तापली की जोरात, कारण नळी टोकापेक्षा जास्त फुगते आणि पकड सोडते.

त्यानंतर टॅपेटचा तळ आणि कॅम. या दोन्हींचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. तो थर एकदा उतरला की आतलं नरम लोखंड फार लवकर झिजतं, आणि गॅप आठवड्या-आठवड्याला वाढतो. एकाच व्हॉल्व्हचा गॅप पळतोय आणि दुसरा जागेवर आहे, ही याची ठळक खूण. निचऱ्याच्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवून बघा, काळी रवाळ पूड चिकटली तर टायमिंग साइड उघडावी लागणार. झिजलेल्या कॅमवर नवा टॅपेट बसवू नका. दोन्ही एकदम बदला, नाहीतर जुना कॅम नव्या टॅपेटला खातो आणि महिन्यात तुम्ही परत तिथेच.

वरती रॉकर आहेत. ते ज्या ठोकळ्यांत फिरतात त्यांचे नट सैल झाले तरी गॅप वाढतो, आणि हेड उघडून बसवताना कुणी ते नीट आवळले नसतील तर हे हमखास होतं. ठोकळ्याचा वरचा आणि खालचा भाग जोडीने बनवलेला असतो. इनलेटचं झाकण एक्झॉस्टला लावलं किंवा उलटं बसवलं, की एक तर रॉकर घट्ट धरतो किंवा तेलाचा रस्ता चुकतो. रॉकरला तेल पोचतंय का हे बघणं सोपं आहे: बाहेरून हेडकडे गेलेल्या बारीक ऑइल पाइपचा वरचा बोल्ट, गाडी स्लोवर चालू असताना, किंचित सैल करा. क्षणभरात तेल पाझरायला हवं. नाही आलं तर पाइप काढून फुंका. हे बोल्ट आतून पोकळ असतात, जोर लावून आवळले तर मान मोडते आणि अर्धा तुकडा हेडमध्ये राहतो. वॉशर नवीन घाला, जोर घालू नका.

ठोकळा आणि रॉकर झिजले असतील तर तो आवाज टॅपेट जुळवून कधीच जाणार नाही. माणूस मात्र आवळत जातो, आवळत जातो, आणि व्हॉल्व्ह टाइट करून बसतो.

गॅप आटत जातो, आवाज नाहीसा होतो

वहीत दर वेळी "आखूड केला" येत असेल तर जास्त काळजी करा. इथे झीज खाली नाही, वर आहे: व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल जातोय.

व्हॉल्व्ह खोल गेला की त्याची दांडी वर येते, रॉकरला भिडते आणि गॅप संपतो. देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधीच्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्टच्या सीटवर बारीक थर धरायचं आणि लोखंडाला लोखंड चिकटू द्यायचं नाही. जुन्या हेडमध्ये जुनी नरम सीट असेल आणि गाडी तासन्‌तास हायवेवर ताणून चालवली जात असेल, तर सीट हळूहळू खचते. गावात दूध घालायला फिरणाऱ्या बुलेटला हा त्रास सहसा होत नाही. पुण्याहून दर शनिवारी कोकणात जाणाऱ्याला होऊ शकतो. मिश्रण पातळ असेल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), फायरिंग मागे असेल (ठिणगी उशिरा पडत असेल), तर एक्झॉस्ट आणखी तापतो आणि खचणं वाढतं. त्यामुळे एक्झॉस्टचा गॅप आटतोय असं दिसलं की आधी पॉइंटचा गॅप बघा, तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो, आणि मग प्लगचा रंग. पांढराफटक प्लग म्हणजे मिश्रण पातळ, कार्ब्युरेटरचा जेट आणि मॅनिफोल्डची पॅकिंग तपासा.

याला कायमचा इलाज मशिन शॉपमध्येच होतो. कडक इन्सर्ट सीट, नवा व्हॉल्व्ह, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजला असेल तर तोही. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम डोळे झाकून करणारी माणसं आहेत. इतर गावांत ट्रॅक्टरच्या हेडचं काम करणाऱ्याला विचारा, त्याला सीट कटिंग रोजचं असतं. फक्त ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून घेणं खचलेल्या सीटवर उपाय नव्हे, त्याने व्हॉल्व्ह आणखी थोडा खाली जातो एवढंच.

गॅप आटण्याचं एक निरुपद्रवी कारणही आहे, आणि ते पुष्कळदा विसरलं जातं. हेड नुकतं उघडून बसवलं असेल तर नवी पॅकिंग दबते, हेड केसभर खाली बसतं आणि दोन्ही व्हॉल्व्हचा गॅप एकदम कमी होतो. हेडचं काम झाल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर थंड गाडीवर हेडचे नट परत आवळा आणि टॅपेट परत जुळवा. हेडचे नट आधी, टॅपेट नंतर. उलटं केलं तर सगळी मेहनत वाया. दोन्ही सारखे कमी झाले असतील तर पॅकिंग, फक्त एक्झॉस्ट कमी झाला असेल तर सीट, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

ऑइल बदलाल तेव्हा दर वेळी टॅपेट बघावा, असं माझं मत आहे. कव्हर उघडून बोटाने फिरवायला पाच मिनिटं लागतात, जुळवायची गरज दर वेळी पडत नाही. सीट खचणाऱ्या गाडीत निव्वळ शून्यापेक्षा अगदी किंचित ढिलाई ठेवणारे मेस्त्री आहेत, आणि मला ते पटतं. थोडा आवाज येईल, पण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसेल आणि आपली उष्णता हेडला देऊ शकेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते. तो अधांतरी राहिला की ती जाणार कुठे?

कव्हर बंद करताना

टॅपेटच्या कव्हरमधून ऑइल गळतंय म्हणून लोक तो एक नट आवळत सुटतात. कव्हर मधोमध दाबलं जातं, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. कव्हर काचेवर ठेवून बघा, डुगडुगत असेल तर पॉलिश पेपर काचेवर पसरून त्यावर सपाट करून घ्या. जुनी पॅकिंग नखाने काढा, स्क्रूड्रायव्हरने बिडावर चरे पाडू नका. नवी पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हात, आणि नट बेताचा. सिलिकॉन भरपूर थापलं तर जादाचा भाग आत तुटून तेलात जातो आणि फिरत फिरत त्या बारीक रॉकरच्या पाइपात अडकतो.

प्लग लावा, गियर न्यूट्रल करा, पेट्रोल चालू करा. पहिल्या किकला कॉम्प्रेशन हाताला, म्हणजे पायाला, जड लागलं पाहिजे. दहा मिनिटं चालवून कव्हरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. कोरडं असेल तर हात धुवा. ओलं असेल तर पॅकिंग पुन्हा.